परत न गेलेली तबकं

बुखारा, ६ मे, सोमवार

मुनिसा आपा,

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. शनिवारी संध्याकाळी लोकरी नमदे विकणाऱ्यांच्या जुन्या सराईत साओदत खालाचा कार्यक्रम होता. निम्मे लोक परदेशी. पुढच्या दोन रांगांत आपल्या मोहल्ल्यातल्या बायका, कारण सफिया आपाच्या मुलीचं लग्न ठरलं आहे आणि खालाने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

२. तिसऱ्या गाण्यातून चौथ्यात जाताना खालाचा आवाज गेला. फाटला नाही, खरखरला नाही. गेला. ओठ हलत होते आणि माईकवर फक्त श्वास येत होता.

३. दायरा थांबला नाही, तिची बोटं कातड्यावर पडतच होती.

४. माझ्या मिक्सरवर तुझं रेकॉर्डिंग होतं. त्यात तेच चौथं गाणं आहे आणि पुढचीही. मी ते लावलं.

५. तुझी लय खालापेक्षा जरा संथ. दोन-तीन ठोके दोघी वेगळ्या चालल्या. मग खाला तुझ्या लयीवर आली.

६. शेवटपर्यंत तू गायलीस आणि खालाने तुला दायऱ्यावर साथ केली.

७. परदेशी लोकांना काही कळलं नाही. मोहल्ल्यातल्या बायकांना सगळं कळलं.

पाचवा आणि सहावा मुद्दा परत वाच. आपल्या घराण्यात उस्ताद शागिर्दाच्या गाण्याला दायऱ्याची साथ एकदाच देते: तिची कमर बांधते, म्हणजे तिला स्वतः माळ गायची परवानगी देते, त्या दिवशी. त्याआधी वर्षानुवर्षं शागिर्दानेच उस्तादाच्या मागे वाजवायचं. मला हे कुणी शिकवलेलं नाही. आपण दोघी बहिणी, पण तुझ्या हातात दायरा आला आणि माझ्या हातात ताश्कंदच्या तंत्रशाळेचा प्रवेश. पण भिंतीपलीकडून ऐकूनही माणसाला बरंच कळतं.

थांबता आलं असतं का? नाही. गाणारी सोझंदा बायकांत दायरा घेऊन बसली की गाण्यांची माळ मध्ये तुटत नाही, आणि समोर लग्न ठरलेली मुलगी बसलेली असताना ती तुटली तर बोल त्या मुलीच्या माथी लागतो. मला त्या क्षणी एवढंच सुचलं.

तुझं रेकॉर्डिंग मिक्सरवर का होतं, हे तू विचारशील. कारण तांत्रिक आहे. नव्या जागी कर्णे लावले की आधी असा एक आवाज वाजवून बघायचा असतो, जो मूळचा कसा आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग त्या जागेच्या भिंती त्यात काय घालतात आणि त्यातलं काय खातात ते कळतं. बाकीचे लोक एखादं गाजलेलं गाणं वापरतात. मी, तू आपल्या न्हाणीघरात गायली होतीस ते वापरते. आर्क किल्ल्याच्या चौकात, बाजाराच्या घुमटांखाली, लब-ए-हौजच्या काठावर, जुन्या मदरशात जॅझवाले आले होते तेव्हा, गेल्या वर्षी त्या गच्चीवरच्या नव्या बारमध्येही. एवढंच.

काल सकाळी तबकं यायला लागली. पहिली सफिया आपा.

"मुबारक असो, साओदत! आम्हाला न सांगता पोरीची कमर बांधलीस होय? आणि आहे कुठे ती? खांबाआड लपवली होतीस?"

खालाला बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "मुनिसा आपा इस्तंबूलला आहे."

"मग काल गात कोण होतं? तुमची शेळी?"

खालाने तबक हातात घेतलं, त्यातला हलवा आणि नान काढून घेतले आणि रिकामं तबक कोनाड्यात ठेवलं. संध्याकाळपर्यंत कोनाड्यात सात झाली. तबक रिकामं परत करायचं नसतं. साधी नान घालून पाठवली तर अर्थ होतो: आभारी आहोत, तसं काही झालेलं नाही. हलवा घालायचा, म्हणजे हो म्हणायचं, तर ज्या मुलीची कमर बांधली तिने तो स्वतः दारोदार न्यायचा. खालाने दोन्हींतलं काहीच केलेलं नाही. तबकं कोनाड्यात आहेत.

हबीबा आपा या पानांचे फोटो काढून तुला पाठवेल, कारण माझा नंबर तू बंद केला आहेस आणि तिचा नाही. पस्तीस वर्षं ती खालाच्या गाण्यावर नाचली, पण पाय जितके हलके तितकंच तोंडही. ती वाचूनच पाठवणार. हबीबा आपा, इथपर्यंत आली असशील तर दूध उतू जातंय, बघ.

फरंगीज


बुखारा, ९ मे, गुरुवार

मुनिसा आपा,

तुझा निरोप मिळाला. हबीबा आपा फोन नेहमी मोठ्या आवाजात लावते, त्यामुळे तो मला, खालाला आणि शेजारच्या घराला एकदमच मिळाला. "फरंगीजला सांग, माझा आवाज काय तिच्या अंगणातला नळ आहे, हवा तेव्हा सोडायला?"

नाही. मी तुला विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. तेवढा अवधी नव्हता, पण त्याआधीची, तू गेल्यापासूनची, पाच वर्षं होती, हेही खरं.

तुझ्या मागे एक कीबोर्ड वाजत होता आणि कुणीतरी ताटं आपटत होतं. तुझा आवाज खालच्या पट्टीत पूर्वीपेक्षा भरला आहे. हे फक्त निरीक्षण.

निरोप संपल्यावर खालाने तो पुन्हा लावायला सांगितलं, खुणेने. मग कुजबुजली, "एकीने माझी माळ हॉटेलात नेऊन गायली, मला न विचारता, आणि घर सोडून गेली. दुसरीने तिला माझ्या जागी बसवली, तिला न विचारता. विचारायचं म्हटलं की तुम्हा दोघींची जीभ टाळ्याला चिकटते. तुमच्या आईचंही तसंच होतं."

मी म्हटलं, "खाला, कुजबुजू नको. डॉक्टरने बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि कुजबुजण्याने घशाच्या तारा बोलण्याहून जास्त ताणतात."

"मग ओरडू?"

डॉक्टरचं असं: घशात गाठी आहेत, जीवघेण्या नाहीत. निदान पानगळीपर्यंत गाणं बंद. पुढे आवाज येईल, पण कुठला येईल ते तो सांगू शकत नाही. मी त्याला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. उत्तर तेच.

काल झोकिर आका घरी आला. सराई तोच चालवतो. तू गेलीस तेव्हा तिथे गालिच्यांचं गोदाम होतं. आता संध्याकाळी दिवे, गाद्या, डाळिंबाचा रस आणि त्यात काय काय. माणूस वाईट नाही. समोशांची परडी घेऊन आला आणि दोन समोसे स्वतःच खाऊन मुद्द्यावर आला.

"खाला, तुम्ही फक्त बसायचं. दायरा वाजवा, ओठ हलवा. आवाज फरंगीज सोडेल. शनिवारी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! संपूर्ण मोसम काढू असा. कुणाला कळतंय?"

खालाने चहाचा घोट घेतला. मग मला जवळ बोलावून कानात सांगितलं. मी ते मोठ्याने सांगितलं, कारण तसं करायला तिनेच सांगितलं होतं: "याला विचार, याच्या लग्नात नवरदेवाच्या जागी फोटो ठेवला होता का?"

झोकिर आका हसला. मग हसायचा थांबला. "अहो, माझ्या बायकोला तेच आवडलं असतं," म्हणाला आणि उठला. दारात मला म्हणाला, "तू समजाव. तू शिकलेली आहेस."

तांत्रिक दृष्टीने त्याचं चूक नाही. गाणी तोडून जोडता येतील, लय थोडी चढवता येईल, खालाच्या दायऱ्याशी बसवता येईल. मी तशी फाइल केलेली नाही. किती काम पडेल एवढं फक्त पाहिलं. मग ते बंद केलं. आज मी झोकिर आकाला 'नाही' म्हणून कळवलं. तो म्हणाला, मग सराईची शनिवारची संध्याकाळ तो त्या ड्रमवाल्या पोरांना देणार. देऊ दे.

खालाने मात्र बायकांना अजून काही सांगितलेलं नाही. "झालं" म्हणत नाही, "नाही झालं" म्हणत नाही. हौजावर चक्कर मारायला गेलं तरी कुणीतरी विचारतं. हबीबा आपाला काल नानवाल्यानेही विचारलं. ती म्हणे त्याला म्हणाली, "तू तुझी भट्टी बघ." म्हणजे तिने त्याला अर्धा तास सगळं सांगितलं असणार.

तू पुन्हा निरोप पाठवायचा तर तो थेट खालाला पाठव. माझ्याबद्दल जे बोलायचं ते त्यात बोललीस तरी चालेल.

फरंगीज


बुखारा, १४ मे, मंगळवार

मुनिसा आपा,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे.

हे पत्र हबीबा आपाच्या फोनवरून जात नाही. माल आणायला इस्तंबूलला निघालेल्या एका बाईच्या हाती पाकीट बंद करून देते आहे.

आज सकाळी खाला घरात नव्हती. दायरा होता, चपला नव्हत्या. आवाज नाही, फोन घेत नाही, आणि वारा सुटलेला. तू तो वारा विसरली नसशील: वाळवंट सगळं उठून गल्लीत येतं आणि समोरचं दार दिसत नाही. मी आधी दवाखान्यात गेले, मग हौजावर. तुतीच्या झाडाखाली म्हातारे तोंडाला रुमाल लावून सोंगट्या खेळत होते. त्यांना सोंगट्याही दिसत नसाव्यात. एकजण म्हणाला, "साओदत? बाहुलीवाल्याकडे बघ." बाहुलीवाल्याकडे नव्हती. तो लाकडी नवरीच्या तोंडाला रंग देत होता, म्हणाला, "आर्ककडे गेली असेल, तिकडे भिंतीला आडोसा आहे." आर्कच्या दरवाज्यात तिकिटवाली बाई म्हणाली, "तुझी खाला? तिला कसलं तिकीट! पण आज नाही आली."

"आज नाही" म्हणजे इतर दिवशी येते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मला बाजारात टोपीवाल्यांच्या घुमटाखाली काम होतं. संध्याकाळी तिथे रेशमाच्या कपड्यांचा कार्यक्रम, मुली चालणार, वर दिवे. कर्णे काल लावून ठेवले होते. आवाज तपासायचा तर दुकानं भरायच्या आत. खालाला शोधायचं की काम करायचं, हे ठरत नव्हतं म्हणून मी वायर जोडायला घेतल्या. हाताला काम असलं की मला सुचतं.

मधल्या खांबाला टेकून, टोपीवाल्याच्या बाकड्यावर, खाला बसलेली होती. ओढणीने तोंड झाकलेलं, हातात त्याचाच चहा.

मी म्हटलं, "सगळं गाव पालथं घातलं मी!"

ती कुजबुजली, "लाव."

"काय?"

"रोज लावतेस ते. मशीन तपासायला."

टोपीवाला टोपीला टाके घालत खाली मान घालून म्हणाला, "लाव की. आम्हालाही सवय झालीये. पाच वर्षं ऐकतोय ही पोरगी. आमची दाढी पांढरी झाली, हिचा आवाज आहे तसाच. कोण आहे ती? एकदा तोंड तरी दाखव."

मी खालाला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कार्यक्रमाला मी तासभर आधी का येते, काय वाटतं तुला?"

"दायरा शेकायला."

"दायरा शेकायला किती वेळ लागतो?"

आपा, दायऱ्याचं कातडं निखाऱ्यावर धरलं की चहाचा पेला संपायच्या आत ताणतं. हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. तरी मी पाच वर्षं कधी हिशोब केला नाही. ज्या दिवशी तिचं गाणं नसतं त्या दिवशीही ती येत होती. मी जिथे कर्णे लावते तिथे, आर्कच्या भिंतीबाहेर, गच्चीवरच्या बारखालच्या गल्लीतसुद्धा. हबीबा आपा तिला सांगायची मी कुठे काम करते आहे ते. त्या बाईच्या पोटात एक गोष्ट तरी राहिली, याची नोंद घ्यावी.

मी लावलं. तो घुमट वरची पट्टी गोल फिरवून उशिरा परत देतो. तुझं चौथं गाणं तिथे नेहमीच चांगलं लागतं. खालाने डोळे मिटले नाहीत की काही नाही. ती ऐकत होती, परीक्षेला बसल्यासारखी नाही, परीक्षा घेतल्यासारखी. संपल्यावर म्हणाली, "दुसऱ्या कडव्याआधी श्वास चुकीच्या जागी घेते. अजूनही."

"खाला, हे पाच वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे. त्यात ती तिथेच श्वास घेणार."

"तेच म्हणते मी." मग तिने पेल्याच्या तळाचा चहा जमिनीवर ओतला. "आता कुठे घेते कोण जाणे."

मी वायर गुंडाळायला लागले. गुंडाळायची गरज नव्हती, संध्याकाळी त्याच लागणार होत्या.

परत येताना वारा पडला होता. मी विचारलं, त्या शनिवारी मुनिसाच्या लयीवर का आलीस? दायरा तुझ्या हातात होता, तू तुझी लय धरून बसली असतीस तर मी कर्णा बंद केला असता, लोकांना वाटलं असतं मशीन बिघडलं. ती म्हणाली, "गाणारी पुढे असते, वाजवणारी मागे. ती पुढे होती."

"म्हणजे कमर बांधली?"

"कमर कुणाची बांधू? हवेची?"

फरंगीज


बुखारा, १७ मे, शुक्रवार

मुनिसा आपा,

आज सफिया आपा पुन्हा आली होती. तिच्या मुलीच्या लग्नातली बायकांची बैठक पुढच्या शनिवारी, २५ तारखेला आहे, सकाळी. तिचा सूर असा होता:

"साओदत, तुझं मौन मला कळतं, तुझं दुखणंही कळतं. पण माझं तबक? पाहुण्यांना काय टोपल्यातून वाढू? आणि गाणार कोण, ते सांग. माझा भाऊ म्हणतो तो डीजेवाला पोरगा आणू. बायकांच्या बैठकीत डीजे! माझी सासू कबरीतून उठून बसेल."

"बसू दे, तिलाही नाचायला आवडायचं," हबीबा आपा म्हणाली.

सफिया आपा हसली नाही. ती खालाच्या समोर बसली आणि हळू म्हणाली, "मला फक्त सांग. माझ्या मुलीसमोर तुझी माळ तुटली की नाही तुटली? ती गाणारी तुझी असेल तर नाही तुटली. तुझी नसेल तर…" मुलगी बाहेर दारात उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

खालाने तिला शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं. बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत. सफिया आपा गेल्यावर मी विचारलं, "मुनिसाला बोलावू?"

"नाही."

"का?"

"बोलावल्यावर आली तर ती पाहुणी. पाहुणीची कमर बांधत नाहीत."

"मग तबकं साधी नान घालून पाठवून दे. विषय संपेल."

यावर ती जे म्हणाली ते शब्दशः लिहिते, कारण याचा अर्थ तुझा तू लावायचा आहेस: "तबकं मी कशी नेऊ? ती मी न्यायची नसतात."

ती तुझी कमर बांधेलच, असं मी लिहू शकत नाही. तिने तसं म्हटलेलं नाही. हॉटेलातल्या त्या रात्रीबद्दल ती तुला चार शब्द सुनावेल, कुजबुजत, म्हणजे घशाला आणखी त्रास. श्वासाचं तर नक्की सांगेल. तिचा आवाज परत येईल की नाही हे कुणाला माहीत नाही, आणि तिची पूर्ण माळ येणारी बाई या शहरात दुसरी नाही. हबीबा आपाला निम्मी येते, तीही नाचाच्या बाजूने. मला सगळी पाठ आहे, पण मला गाता येत नाही. हे मी तपासून पाहिलं आहे, न्हाणीघरात, दार लावून.

तू आली नाहीस तर काय होईल तेही सांगते, धमकी म्हणून नाही. शुक्रवारी साधी नान घालून तबकं मी नेईन, सातही. सफिया आपाच्या मुलीच्या बैठकीत डीजे वाजेल. सासू काय करेल माहीत नाही. खाला घरी बसेल. त्या मुलीला आयुष्यभर कुणी ना कुणी तुटलेल्या माळेची आठवण करून देईल. बाकी सगळं चालू राहील, सराईत ड्रमवाले, गच्चीवर बार, घुमटाखाली रेशमी कपडे. शहराला काही कमी पडणार नाही.

तुझं रेकॉर्डिंग मी लोकांसमोर पुन्हा लावणार नाही. चाचणीला लावू नको म्हणालीस तर तेही लावणार नाही. मग मला दुसरा आवाज शोधावा लागेल आणि तो इतका ओळखीचा व्हायला किती वर्षं लागतील, ते मी मोजलेलं नाही.

खाला बोलावणार नाही. मी बोलावते आहे. मी तुझ्याकडे याआधी कधी काही मागितलं नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग. तुझ्याशिवाय या घरात खूप शांतता आहे. मी शांततेत काम करायला शिकले आहे, पण ती मला आवडते असं नाही.

सफिया आपाचं अंगण आज पाहून आले. चारी बाजूंनी मातीची भिंत, वर द्राक्षाचा मांडव, साठ बायका बसतील. माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपला आपण जातो. तू गाणार असशील तर मी कर्णे आणणार नाही, माईकही नाही. मागे बसेन.

इस्तंबूलहून विमान शुक्रवारी पहाटे पोहोचतं. गुरुवार, २३ मे, संध्याकाळपर्यंत उत्तर दे. हो किंवा नाही, एका शब्दात चालेल.

तुझी,
फरंगीज